लिनक्स डेस्कटॉपसाठी छोटं ॲप: माझ्याकडे चालतंय, इतरांकडे कसं चालवायचं?

काजवा (धागाकर्ता)

मंडळी, सबटायटल आणि आवाज यांचा मेळ बसवणारं एक छोटं ॲप लिहिलं आहे. व्हिडिओ उघडला की त्याच फोल्डरमधली, त्याच नावाची सबटायटलची फाइल ते स्वतःच उचलतं. सुरुवातीचं एक आणि शेवटाकडचं एक वाक्य 'हे इथे हवं' म्हणून दाखवून दिलं, की मधल्या सगळ्या वेळा त्या प्रमाणात ताणल्या किंवा आवळल्या जातात. सेकंदाला २३.९७६ फ्रेमच्या सिनेमाची फाइल २५ फ्रेमच्या प्रतीला लावली तर नुसतं पुढेमागे सरकवून भागत नाही. सुरुवात जुळते, पण शेवटाला पोचेपर्यंत काही मिनिटांचा फरक पडलेला असतो. म्हणून हा खटाटोप.

कोड पायथनमध्ये, खिडक्या क्यूटी या टूलकिटच्या, म्हणजे खिडक्या-बटणं बनवायच्या लायब्ररीच्या (पायथनमधून ती वापरू देणारं पायसाइड घेऊन), आणि व्हिडिओ दाखवायला आत एमपीव्ही हा प्लेयर बसवला आहे. माझ्याकडे एक्स११ (पडद्यावर खिडक्या मांडणारी जुनी व्यवस्था) सेशनमध्ये झकास चालतं. मित्रांना दिलं तर तीन तऱ्हा. एकाकडे व्हिडिओ ॲपच्या आत न दिसता स्वतःची वेगळी खिडकी उघडून बसतो. दुसऱ्याकडे ॲप सुरू होता होताच मरतं आणि टर्मिनलवर 'नॉन-सी लोकेल डिटेक्टेड' असं लिहून जातं. आणि तिसरं म्हणजे खालच्या पट्टीत माझं चिन्ह न येता कुठलं तरी सरकारी छापाचं करडं चिन्ह येतं.

आता प्रश्न असा की क्यूटी सोडून जीटीके या दुसऱ्या टूलकिटकडे जावं का? आणि डेब, आरपीएम, फ्लॅटपॅक, स्नॅप, ॲपइमेज या ॲप वाटायच्या पद्धतींच्या गर्दीत नेमकं काय धरावं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

रात्रपाळी

पहिले दोन्ही आजार जुने आणि ओळखीचे आहेत. टूलकिट बदलून त्यातला एकही जाणार नाही, तेव्हा तो विचार आधी बाजूला ठेवा.

लोकेलचं, म्हणजे भाषा-देशाप्रमाणे आकडे-तारखा लिहायच्या सेटिंगचं, प्रकरण असं. सी भाषेची प्रमाण लायब्ररी आकडे वाचताना लोकेल बघते. जर्मन किंवा फ्रेंच लोकेलमध्ये दशांशाला टिंबाऐवजी स्वल्पविराम असतो, त्यामुळे १.५ वाचायला दिलं की लायब्ररी टिंबाशी थांबते आणि १ हातात देते. एमपीव्हीला हे परवडत नाही, म्हणून अंकांचं लोकेल 'सी' (दशांशाला टिंब असलेलं मूळ लोकेल) नसेल तर तो सुरूच व्हायला नकार देतो. तुम्ही ते बदललेलं नसतं, पण क्यूटीचं ॲप्लिकेशन ऑब्जेक्ट तयार होताना ते वापरणाऱ्याच्या सेटिंगप्रमाणे लोकेल लावून मोकळं होतं. जीटीकेसुद्धा हेच करतं. उपाय एका ओळीचा आहे: ॲप्लिकेशन ऑब्जेक्ट तयार झाल्यावर आणि एमपीव्हीचा ऑब्जेक्ट तयार करण्याआधी अंकांचं लोकेल परत 'सी' करा. क्रम महत्त्वाचा. तुमच्याकडे चालतं ते बहुधा तुमच्या सेशनमध्ये ते आधीच 'सी' आहे म्हणून. टर्मिनलवर लोकेल कमांड चालवून बघा.

वेगळ्या खिडकीचं कारण वेलँड, म्हणजे एक्स११ ची जागा घेणारी नवी व्यवस्था. एक्स११ मध्ये प्रत्येक खिडकीला एक क्रमांक असतो. तो क्रमांक कुणाही प्रोग्रॅमला दिला की तो त्या खिडकीत चित्र काढू शकतो. तुम्ही एमपीव्हीला तोच क्रमांक देत असणार. एक्स११ हे १९८७ सालचं डिझाइन, तेव्हा एकाच पडद्यावरचे सगळे प्रोग्रॅम एकमेकांचे सज्जन शेजारी मानले होते. वेलँडमध्ये एका प्रोग्रॅमला दुसऱ्याची खिडकी दिसतच नाही, त्यामुळे द्यायला क्रमांकही नाही. मग एमपीव्ही बिचारा स्वतःची खिडकी उघडतो.

तात्पुरतं चालवायचं तर क्यूटी आणि एमपीव्ही दोघांनाही एक्स११ वापरायला भाग पाडा, म्हणजे एक्सवेलँडवर (वेलँडमध्ये जुनी एक्स११ ॲप्स चालवणारा थर) चालेल. कायमचा उपाय म्हणजे लिबएमपीव्हीची रेंडर एपीआय: क्यूटीचं ओपनजीएल विजेट (ग्राफिक्स कार्डकडून चित्र काढून घेणारा खिडकीचा तुकडा) तुम्ही बनवायचं आणि एमपीव्हीने त्याच्या फ्रेमबफरमध्ये, म्हणजे चित्राच्या मेमरीत, चित्र काढायचं. पायथनच्या बाइंडिंगमध्ये त्यासाठी रेंडर कॉन्टेक्स्टचा क्लास आहे. कोड थोडा वाढेल, पण दोन्हीकडे सारखा चालेल. आता टाळाटाळ करू नका. फेडोरा या डिस्ट्रोने (लिनक्सच्या एका तयार संचाने) ग्नोम डेस्कटॉपचं वेलँड सेशन २०१६ च्या २५ व्या आवृत्तीतच मुख्य केलं, आणि केडीई डेस्कटॉपच्या २०२४ च्या प्लाझ्मा ६ मध्येही तेच मुख्य आहे.

तळटीप

चिन्हाचं मी सांगते, कारण यावर लोक विनाकारण डोकं आपटत बसतात.

वेलँडमध्ये खिडकी सहसा आपलं चिन्ह पॅनलला पाठवत नाही. ती फक्त एक ॲप-आयडी सांगते. पॅनल मग त्या नावाची डेस्कटॉप फाइल (ॲपचं नाव, चिन्ह, कमांड सांगणारी छोटी फाइल) शोधतं आणि चिन्ह तिच्यातून घेतं. फाइलचं नाव आणि आयडी यात एका अक्षराचा फरक असला तरी शोध फसतो आणि ते करडं चिन्ह येतं. पायथनच्या ॲपमध्ये आपण काही सांगितलं नाही तर आयडी म्हणून बहुतेक वेळा स्क्रिप्टचंच नाव जातं, आणि डेस्कटॉप फाइलला आपण छानसं वेगळं नाव दिलेलं असतं.

काय करायचं: उलट्या डोमेनच्या पद्धतीने एक आयडी ठरवा आणि सगळीकडे तोच वापरा. डेस्कटॉप फाइलचं नाव तोच, चिन्हाच्या फाइलचं नाव तोच, मेटाइन्फोच्या (ॲपची ओळख सांगणाऱ्या) एक्सएमएल फाइलमध्ये तोच. क्यूटीमध्ये 'सेटडेस्कटॉपफाइलनेम' हे फंक्शन सुरुवातीलाच बोलवा आणि त्यात शेवटचं '.डेस्कटॉप' लावू नका, नुसतं नाव द्या. फ्लॅटपॅक करायचं ठरलं तर तिथेही हाच आयडी लागतो, म्हणून आत्ताच विचार करून ठरवा. लोकांनी इन्स्टॉल केल्यावर आयडी बदलणं म्हणजे घर बदलणं.

आणि हात लागलाच आहे तर सेटिंगची फाइल कुठे ठेवता तेही बघा. होम फोल्डरमध्ये टिंबाने सुरू होणारा स्वतःचा फोल्डर करू नका, कृपया. सेटिंग .कॉन्फिग मध्ये, टिकाऊ डेटा .लोकल/शेअर मध्ये, पुसला तरी चालेल असा माल .कॅश मध्ये. हे मार्गही कोडमध्ये ठोकून लिहू नका. क्यूटीचा स्टँडर्डपाथ्स क्लास विचारला की बरोबर सांगतो.

खटपट्या

एवढी भानगड कशाला? इलेक्ट्रॉन (वेबपेजचंच ॲप बनवणारी चौकट) घ्या, एचटीएमएल लिहा, तिन्ही सिस्टिमवर चालतं, मोकळे व्हा.

रात्रपाळी

खटपट्या, सबटायटलच्या वेळा बदलायला सोबत अख्खा क्रोमियम ब्राउझर पाठवायचा? आणि वर सांगितलेल्या अडचणींपैकी ॲप-आयडी, पॅकेजिंग या तशाच्या तशा राहतात, फक्त एक मजला वर चढतात. शिवाय क्रोमियम सगळे कोडेक वाजवत नाही. धागाकर्त्याला एमपीव्ही हवा आहे तो त्याचसाठी.

ज्यांचं ॲप आधीच वेबवर आहे त्यांच्यासाठी इलेक्ट्रॉन ठीक आहे, त्याबद्दल नाक मुरडत नाही.

शेवटचा_बाक

टूलकिटचा प्रश्न अजून लटकतोय म्हणून लिहितो. क्यूटीच ठेवा.

हा वाद या क्षेत्रात कधीचा चालू आहे. केडीई १९९६ मध्ये क्यूटीवर सुरू झालं, तेव्हा क्यूटीचा परवाना मुक्त नव्हता. १९९७ मध्ये ग्नोम सुरू होण्यामागे ते एक ठळक कारण होतं, आणि त्याने जीटीके धरलं, जे मुळात गिंप या चित्रांच्या प्रोग्रॅमसाठी लिहिलेलं होतं. २००० मध्ये क्यूटी जीपीएल या मुक्त परवान्याखाली आलं, २००९ मध्ये एलजीपीएल या त्याहून सैल परवान्याखाली. म्हणजे भांडणाचं मूळ कारण संपून जमाना झाला, भांडण मात्र दोन्ही घराण्यांनी जपून ठेवलंय.

आज निवड करताना दोनच गोष्टी बघाव्यात असं माझं मत. एक, तुम्हाला कोणतं येतं. दोन, टूलकिटची मोठी आवृत्ती बदलली की तुमच्याकडे किती जीव उरेल. जीटीके ३ आलं २०११ मध्ये, जीटीके ४ आलं २०२० च्या डिसेंबरात. आणि ज्याच्यासाठी जीटीके जन्माला आलं त्या गिंपची जीटीके ३ वरची पक्की आवृत्ती निघायला मार्च २०२५ उजाडलं! हे टोमणा म्हणून नाही सांगत. मोजके स्वयंसेवक आणि लाखो ओळींचा कोड असला की असंच होतं. म्हणून हिशोबाचा कोड (तुमच्याकडे वेळा ताणण्याचा भाग) खिडक्यांच्या कोडपासून पूर्ण तोडून ठेवा. तो नुसत्या टर्मिनलवरही चालला पाहिजे. टूलकिट बदललं तरी तो भाग तसाच राहतो, आणि चाचण्याही त्याच्याच लिहिता येतात.

परवान्याचं एक: पायसाइड एलजीपीएल आहे, पायक्यूटी (क्यूटी पायथनमधून वापरायचा दुसरा मार्ग) जीपीएल किंवा विकतच्या परवान्यावर. तुम्ही पायसाइड घेतलंय ते बरं केलंत, पण एमपीव्ही सर्वसाधारण बिल्डमध्ये जीपीएल असतो, तेव्हा तुमचं ॲपही जीपीएल ठेवलं की कटकट नाही.

पेटारा

मी एका डिस्ट्रोसाठी पॅकेजं सांभाळतो, त्यामुळे माझं मत एकांगी वाटेल, चालेल.

'माझ्याकडे चालतं, त्याच्याकडे नाही' याची जड बाजू ग्लिबसी, म्हणजे लिनक्सवरची सी भाषेची प्रमाण लायब्ररी, आहे. नव्या सिस्टिमवर बिल्ड केलेला प्रोग्रॅम जुन्या सिस्टिमवर 'ग्लिबसी २.३४ सापडली नाही' असं म्हणून झोपतो. उलट दिशेने, म्हणजे जुन्यावर बिल्ड करून नव्यावर, तो चालतो. त्यामुळे बायनरी वाटायची असेल तर आधार द्यायचा आहे त्यातल्या सगळ्यात जुन्या सिस्टिमवर बिल्ड करायचं. शुद्ध पायथनला हा त्रास नाही आणि पायसाइडची व्हील्स (पायथनची तयार पॅकेजं) जुन्या ग्लिबसीवर बांधून येतात. पण पायइन्स्टॉलरने एक गठ्ठा केलात तर लक्षात ठेवा, तो ग्लिबसी सोबत घेत नाही.

खुद्द लिनस टोरवाल्ड्स यांनी २०१४ च्या डेबकॉन्फमध्ये ही तक्रार केली होती. त्यांचं सबसर्फेस नावाचं, स्कूबा डायव्हिंगच्या नोंदी ठेवणारं ॲप आहे. त्याच्या विंडोज आणि मॅकसाठी बायनरी बनवतो, लिनक्स डेस्कटॉपसाठी मात्र टाळतो, कारण ते फार डोकेदुखीचं काम आहे, असा त्यांचा सूर होता. कर्नल लिहिणाऱ्याची ही गत, तर आपलं काय. (अवांतर: सबसर्फेससुद्धा आधी जीटीकेवर होतं, मग क्यूटीवर गेलं.)

माझा सल्ला: सोर्स नीट टॅग करा, 'पायप्रोजेक्ट' फाइल व्यवस्थित लिहा, डेस्कटॉप फाइल आणि मेटाइन्फो इन्स्टॉल होतील असं बघा. डिस्ट्रोचं पॅकेज करणारं कुणीतरी पुढे येतं. सुरक्षेची दुरुस्ती एका लायब्ररीत झाली की सगळ्या ॲप्सना एकदम मिळते, हा फायदा गठ्ठ्यात मिळत नाही.

अर्धविराम

पेटारा, तुमच्या शेवटच्या परिच्छेदाशी तत्त्वतः सहमत, व्यवहारात नाही. छोट्या, नव्या ॲपला 'कुणीतरी पुढे येतं' या आशेवर ठेवणं अन्याय आहे. आणि आलं तरी डेबियन या डिस्ट्रोच्या स्टेबलमध्ये (पक्क्या आवृत्तीत) जी आवृत्ती गोठते ती पुढची स्टेबल येईपर्यंत तशीच. दुरुस्त झालेल्या बगची तक्रार लोक मूळ लेखकाकडे करत राहतात. एक्सस्क्रीनसेव्हरच्या लेखकाने याच वैतागाने 'ही आवृत्ती फार जुनी आहे' अशी सूचना प्रोग्रॅममध्येच घातली होती आणि २०१६ मध्ये डेबियनमध्ये त्यावरून रण माजलं होतं.

काजवा, तुमच्यासाठी फ्लॅटपॅक. तिथे ॲप डिस्ट्रोच्या लायब्रऱ्यांवर उभं राहत नाही, रनटाइम नावाच्या ठरलेल्या संचावर राहतं. फ्रीडेस्कटॉप, ग्नोम आणि केडीई असे तीन मुख्य रनटाइम. तुम्ही केडीईचा घ्या, त्यात क्यूटी आलं. पायसाइडचा बेसॲप (वर ॲप उभारायचा पाया) तयार आहे, तोही घ्या. एमपीव्ही मात्र त्याच्या लायब्रऱ्यांसकट मॅनिफेस्टमध्ये (बिल्डची कृती लिहिलेल्या फाइलमध्ये) मॉड्यूल म्हणून लिहावा लागेल. हारुणा हा केडीईचा प्लेयर एमपीव्हीवरच आहे आणि त्याचं मॅनिफेस्ट उघडं आहे, तो भाग तिथून उचला. सगळे तसंच करतात.

फ्लॅटहबवर (फ्लॅटपॅक ॲप्सच्या दुकानावर) बिल्ड चालू असताना नेटवर्क बंद असतं. पिपने (पायथनची पॅकेजं आणणाऱ्या कमांडने) आयत्या वेळी काही ओढता येत नाही. प्रत्येक डिपेंडन्सीचा पत्ता आणि चेकसम आधी लिहून द्यायचा. हाताने लिहू नका, फ्लॅटपॅक-पिप-जनरेटर नावाची स्क्रिप्ट ते करून देते.

आता खरी गोम. तुमचं ॲप 'शेजारची सबटायटल फाइल स्वतःच उचलतं' म्हणालात ना? सँडबॉक्समध्ये, म्हणजे फ्लॅटपॅक ॲपला ज्या कुंपणात चालवतं त्यात, ते होणार नाही. वापरणाऱ्याने फाइल निवडण्याच्या खिडकीतून व्हिडिओ निवडला, की ती खिडकी मुळात तुमच्या ॲपची नसते, ती पोर्टल नावाची बाहेरची सेवा दाखवते आणि फक्त तेवढी एक फाइल आत सरकवते. शेजारच्या फाइली आतून अस्तित्वातच नसतात.

काजवा (धागाकर्ता)

एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार. लोकेलची ओळ टाकली, मित्राकडे ॲप उघडायला लागलं. डेस्कटॉप फाइलचं नाव जुळवलं, चिन्ह आलं. ओपनजीएलचं काम चालू आहे. चित्र येतंय, पण उलटं.

फ्लॅटपॅकचं बिल्डही करून पाहिलं. अर्धविराम म्हणतात तसंच झालं. मी व्हिडिओचा मार्ग छापून बघितला तर फोल्डरच्या जागी '/रन/यूजर/१०००/डॉक/' आणि पुढे अक्षरांचा एक गिचमिड कोड. त्या फोल्डरमध्ये एकटा व्हिडिओ. 'अलीकडे उघडलेल्या' यादीतही हाच मार्ग दिसतो, तो लोकांना दाखवायलाही लाज वाटेल. यावर लोक काय करतात?

रात्रपाळी

उलटं चित्र: ओपनजीएलचा वाय अक्ष खालून वर मोजतो. रेंडरच्या पॅरामीटर्समध्ये फ्लिप-वाय चालू करा.

अर्धविराम

यावर तीन वाटा आहेत आणि तिन्हीत काहीतरी सोडावं लागतं.

होम फोल्डर पूर्ण उघडा करून द्यायचा, म्हणजे सगळं पूर्वीसारखं. सोपं आहे, पण मग सँडबॉक्स नावापुरता. फ्लॅटहबचे तपासणारेही 'हे का हवं' असं विचारतात.

फक्त 'व्हिडिओ' हा ठरलेला फोल्डर मॅनिफेस्टमध्ये मागायचा. बऱ्याच लोकांचं भागतं, पण बाहेरच्या डिस्कवर सिनेमे ठेवणाऱ्यांचं नाही.

तिसरी वाट म्हणजे फाइलऐवजी फोल्डर निवडायला लावायचा. पोर्टलमधून फोल्डर निवडला की तो पूर्ण आत येतो आणि त्यात लिहिताही येतं, म्हणजे नवी सबटायटल फाइल व्हिडिओशेजारीच ठेवता येईल. मी हीच घेईन. शिवाय दोन फाइली एकत्र ओढून टाकायची सोय ठेवा.

यादीत मार्ग दाखवू नका, फक्त फाइलचं नाव दाखवा. तेवढ्याने लाज राखली जाते.

पेटारा

'सँडबॉक्स नावापुरता' यावर अधोरेखित करून +१. ज्या ॲपला होममध्ये लिहिता येतं ते शेलच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये एक ओळ घालून बाहेर येऊ शकतं. फ्लॅटपॅक आहे म्हणजे सुरक्षित, असं समजणारे अनेक भेटतात, म्हणून लिहिलं.

एक्सस्क्रीनसेव्हरच्या टोल्यावर: आम्ही काही मुद्दाम जुनं ठेवत नाही हो. स्टेबल म्हणजेच बदलत नाही. कुणाला ते हवं असतं, म्हणून ते आहे. आणि पुन्हा पॅकेज केल्याने मूळ लेखकाला त्रास होतो हे फ्लॅटपॅकमध्येही घडलंच की. २०२५ च्या फेब्रुवारीत ओबीएस स्टुडिओ (पडद्याचं रेकॉर्डिंग करणारा प्रोग्रॅम) आणि फेडोरा यांच्यात यावरूनच जुंपली. ओबीएसचं स्वतःचं फ्लॅटपॅक फ्लॅटहबवर असताना फेडोराने आपलं वेगळं बांधलेलं पुढे केलं, ते नीट चालत नव्हतं, आणि तक्रारी ओबीएसकडे. प्रकरण कायदेशीर कारवाईच्या भाषेपर्यंत गेलं होतं. म्हणजे साधन कोणतंही असो, 'हे कोण सांभाळतं' हे वापरणाऱ्याला दिसलं पाहिजे.

खटपट्या

मग ॲपइमेजने कुणाचं काय घोडं मारलंय? एक फाइल, चालवायची परवानगी दिली की झालं.

पेटारा

काही नाही मारलं. मित्रांना चाचणीसाठी द्यायला उत्तम. फक्त जुन्या पद्धतीने बांधलेल्या ॲपइमेजला फ्यूज (फाइल फोल्डरसारखी जोडून देणारी सोय) हिची २ नंबरची लायब्ररी लागते आणि उबंटू २२.०४ पासून ती आपोआप येत नाही. डबल-क्लिक केलं की काहीच होत नाही, चूकही दिसत नाही. नव्या स्टॅटिक रनटाइमने बांधलं तर ही अडचण नाही. अपडेटचं मात्र तुमचं तुम्ही बघायचं.

उलटी_गंगा

धाग्याचं नाव लिनक्स आहे, पण मुक्त डेस्कटॉप म्हणजे फक्त लिनक्स नव्हे, म्हणून मध्ये तोंड घालतो. मी फ्रीबीएसडीवर असतो. तिथे तुमचं ॲप अडेल ते टूलकिटमुळे नाही, सवयींमुळे अडेल. बॅश '/बिन' मध्ये आहे असं धरून लिहिलेली स्क्रिप्ट, '/प्रॉक' मधून माहिती वाचणारा कोड. फ्रीबीएसडीवर बॅश '/यूएसआर/लोकल/बिन' मध्ये असतो आणि '/प्रॉक' आपोआप जोडलेलं नसतं. फ्लॅटपॅक तर लिनक्स कर्नलच्या सोयींवर उभं आहे, त्यामुळे आमच्यासाठी साध्या सोर्सचं बिल्ड हीच वाट. ती मोडू नका एवढंच मागणं.

हायकू या आणखी एका मुक्त सिस्टिमवर हात मारून बघायची इच्छा असेल तर जरूर बघा. प्रत्येक खिडकीला तिथे स्वतःचा वेगळा थ्रेड असतो. एक खिडकी कामात गुंतली तरी दुसरी गोठत नाही. डोकं वेगळ्या पद्धतीने चालवावं लागतं, मजा येते.

कानोसा

मी स्क्रीन-रीडर वापरतो, ओर्का. या धाग्यात इतक्या बारकाईने चर्चा झाली आणि ही बाजू अजून आलीच नाही, म्हणून लिहितो.

बहुतेक छोटी ॲप्स माझ्यासाठी अशी असतात: टॅब दाबला, 'बटण'. परत टॅब, 'बटण'. परत, 'बटण'. चित्राची बटणं असतात आणि त्यांना नावच दिलेलं नसतं. क्यूटीमध्ये प्रत्येक विजेटला ॲक्सेसिबल नाव देता येतं, एका ओळीचं काम आहे. टूलटिप दिली म्हणजे झालं असं समजू नका, नाव वेगळं द्या.

अवघड भाग तुमची टाइमलाइन असेल. ती तुम्ही स्वतः रंगवत असाल, तर सिस्टिमच्या दृष्टीने तो नुसता रिकामा चौकोन आहे. तयार स्लायडर वापरला तर त्याची किंमत, किमान, कमाल हे सगळं डी-बसवरून (प्रोग्रॅममधल्या निरोपांच्या वाटेने) ओर्कापर्यंत आपोआप पोचतं. स्वतः रंगवायचीच असेल तर ॲक्सेसिबिलिटीचा इंटरफेस लिहावा लागतो. पायथनमधून ते कटकटीचं आहे. सोपी पळवाट: टाइमलाइनच्या शेजारी वेळ टाइप करायची एक साधी चौकट ठेवा, आणि बाण कळांनी एकेक वाक्य पुढेमागे जाता येऊ द्या. सबटायटल जुळवणं हे मुळात कानाचं काम आहे. मला ते डोळ्यांच्या माणसापेक्षा वाईट यायचं काही कारण नाही.

चाचणीसाठी ओर्का चालू करा, माउस बाजूला ठेवा आणि एक फाइल जुळवून दाखवा.

तळटीप

कानोसा, धन्यवाद. हा प्रतिसाद वर चिकटवून ठेवायला हवा.

पहिली_ओळ

वाचतोय. मला थोडं पायथन येतं, असं ॲप स्वतः लिहिण्याइतकं नाही. यात शिरायचं तर कुठून?

शेवटचा_बाक

भाषांतरापासून नको, जरी सगळे तेच सांगतात. तुम्ही रोज वापरता असं एक छोटं ॲप घ्या, सोर्समधून बिल्ड करून चालवा. एवढं जमलं की निम्मी भीती गेली. मग त्याच्या बग-यादीतली एखादी तक्रार तुमच्याकडे घडते का ते बघून 'हो, अमुक आवृत्तीवर, असं केल्यावर घडते' असं लिहा. सांभाळणाऱ्यांना याची किती किंमत असते ते त्यांना विचारा. 'चालत नाही, लवकर दुरुस्त करा' असं लिहिणाऱ्यांची कमी नाही.

तळटीप

भाषांतरावरून आठवलं, काजवा, हे तुमच्यासाठी. वाक्यं तुकडे जोडून बनवू नका. 'सापडल्या' अधिक आकडा अधिक 'फाइली' असं कोडमध्ये जोडलं की दुसऱ्या भाषेत शब्दांचा क्रमच बसत नाही. पूर्ण वाक्य एक स्ट्रिंग, आत आकड्यासाठी नाव दिलेली जागा. अनेकवचनासाठी गेटटेक्स्ट या भाषांतराच्या लायब्ररीचं वेगळं फंक्शन आहे. मराठीला दोन रूपं पुरतात, काही भाषांना जास्त लागतात.

आणि सबटायटलची ओळ लांबीप्रमाणे तोडत असाल तर कोडपॉइंट (युनिकोडचे सुटे क्रमांक) मोजू नका. 'क्षि' दिसायला एक अक्षर आहे, पायथनची 'लेन' त्याला ४ म्हणते, आणि यूटीएफ-८ मध्ये ते १२ बाइट. मध्येच तोडलं तर पुढच्या ओळीची सुरुवात लटकत्या वेलांटीने होते. चित्र बरोबर काढायचं काम हार्फबझ (अक्षरं जुळवणारी लायब्ररी) करतं, पण तोडलेल्या अक्षराला तेही काही करू शकत नाही. क्यूटीचा टेक्स्ट-बाउंडरी-फाइंडर अक्षरांच्या सीमा सांगतो. पायसाइडमधून तोच वापरा.

काजवा (धागाकर्ता)

फ्लिप-वाय केल्यावर चित्र सुलटं झालं, वेलँड आणि एक्स११ दोन्हीकडे आतच दिसतंय. फोल्डर निवडायची वाट घेतली. ओर्का लावून माउसशिवाय बसलो तेव्हा माझ्याच ॲपमध्ये 'उघडा' बटणापर्यंत पोचता येईना. बटणांना नावं दिली, वेळेची चौकट टाकली, बाण कळांचं काम चालू आहे. कानोसा, झालं की तुम्हाला द्यायला आवडेल.

नवी अडचण: आवाजाचा आलेख काढायला एफएफएमपेग या कमांडने ऑडिओ वाचतो, तेव्हा लांब सिनेमा असला की खिडकी गोठते आणि डेस्कटॉप 'प्रतिसाद देत नाही, बंद करू का' असं विचारतो. पायथनच्या थ्रेडमध्ये टाकलं तर कधी चालतं, कधी पूर्ण ॲपच कोसळतं.

रात्रपाळी

त्या थ्रेडमधून थेट विजेटला हात लावत असणार. क्यूटीत विजेट फक्त मुख्य थ्रेडवरूनच हलवायचे (जीटीकेतही तेच). 'कधी चालतं' हेच त्याचं लक्षण. एफएफएमपेग वेगळा प्रोसेस म्हणून चालवताच आहात, तर थ्रेडची गरजच नाही. क्यूप्रोसेस वापरा, तो डेटा आला की सिग्नल देतो, तो सिग्नल मुख्य थ्रेडवरच येतो, तिथे आलेख रंगवा. रद्द करायचं बटण ठेवा आणि खिडकी बंद करताना प्रोसेस मारायला विसरू नका, नाहीतर मागे एफएफएमपेग पंखा फिरवत बसतो.

कानोसा

द्या की, नक्की बघतो. फ्लॅटपॅकचं बिल्ड दिलंत तर बरं, सँडबॉक्समध्ये ओर्कापर्यंत सगळं पोचतंय का तेही कळेल.

अर्धविराम

काजवा, फ्लॅटहबला पाठवण्याआधी मेटाइन्फो फाइल ॲपस्ट्रीमच्या तपासणीतून काढा. स्क्रीनशॉट, परवाना आणि आवृत्तीची नोंद नसेल तर तिथेच अडेल. आणि मॅनिफेस्टचा दुवा इथे टाका. नजरेखालून घालते.